बिरादार सरांचे बारा तास

दातांच्या डॉक्टरला पोट कशाला हवं? तुम्हीच सांगा. माझ्या दवाखान्यात माणूस येतो तो तोंड उघडायला; शर्ट वर करायला कोणी येत नाही. बीडीएसच्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न आमच्या बॅचच्या शंभरच्या शंभर जणांना पडला होता. आधीच्या बॅचला पडला होता, नंतरच्या बॅचला पडणार होता, कॉलेजच्या कँटीनवाल्यालासुद्धा पडला होता. हैदराबादेतल्या आमच्या त्या डेंटल कॉलेजात तो फक्त एका माणसाला कधी पडला नाही, आणि नेमका तोच माणूस आमचा ॲनाटॉमीचा विभागप्रमुख होता. डॉक्टर निळकंठ बिरादार.

डेंटलच्या मुलांना ॲनाटॉमी म्हणजे डोकं आणि मान. छाती, पोट वगैरे मंडळींना लांबून नमस्कार करायचा आणि पुढं सरकायचं, अशी सगळीकडची रीत. बाकीची कॉलेजं पोट दोन तासांत उरकायची. आमच्याकडे बारा तास होते. ते सरांनी कधी आणि कोणाशी भांडून टाइमटेबलमध्ये घुसवले, हे कोणालाच माहीत नव्हतं. पण त्या बारा तासांत त्यांचा सगळा जीव अडकलेला होता, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं.

आणि गंमत अशी, की या माणसाला स्वतःला पोट म्हणून नव्हतंच. उंच, काटकुळे, पट्ट्याला घरी खिळ्यानं पाडलेली दोन जादा भोकं, तरी पॅन्ट घसरायची आणि बोलता बोलता ते ती वर ओढायचे. तेलुगू मुलांनी त्यांचं नाव ‘पोट्टा सार’ ठेवलं होतं. पोट्टा म्हणजे आपलं पोटच. एकदा कोणीतरी ते नाव फळ्यावर मोठ्ठं लिहून ठेवलं. सरांनी पुसलं नाही. खाली तारीख टाकली, हेडिंगसारखी रेघ ओढली आणि शिकवायला सुरुवात केली.

पोटाच्या पहिल्या तासाला ते वर्गात आल्या आल्या पिशवीतून एक जुनं, पिवळट बनियन काढायचे आणि शर्टाच्या वरून चढवायचे. त्यावर काळ्या मार्करनं दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. नऊ घरं. मग भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि पहिल्या बाकावर खडूंचा डबा सरकवायचे.

“लिव्हर. मारो!”

म्हणजे खडू फेकून मारायचा, त्यांच्या अंगावर. उजवीकडच्या वरच्या घरात बसला तर शाबास. चुकला तर जिथं लागला तिथं आत काय काय असतं ते सांगायचं. सरांना खडू मारायला मिळतोय म्हटल्यावर एरवी झोपणारी पोरं बाह्या सरसावून उभी राहायची. एकाचा नेम असा काही चुकला, की खडू नवव्या घराच्याही बराच खाली जाऊन लागला. सरांनी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. म्हणाले, “वो तुम्हारे सिलॅबस में नई है. बैठो.”

सर मूळचे उदगीरकडच्या एका खेड्यातले, शेतकरी घरातले. शिकायला म्हणून हैदराबादेत आले ते इथलेच झाले. वर्गात इंग्रजी, शिपायाशी तेलुगू, रागावले की दखनी. आणि मराठी फक्त माझ्यासाठी राखून ठेवलेली, कारण वर्गात मराठी मी एकटीच. आम्ही काचीगुड्याचे जाधव, आमचं घराणं निजामाच्या काळापासून इथलं. त्यामुळे सर भर वर्गात अगदी हसऱ्या चेहऱ्यानं मला म्हणू शकायचे, “वर्षाबाई, काल तुमचा पेपर तपासला. गाढवाच्या पुढं ठेवला असता तर त्यानंसुद्धा खाल्ला नसता.” शेजारची श्रावणी विचारायची, सर काय म्हणाले? मी सांगायची, आशीर्वाद दिला.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. तोंडी परीक्षेला मुलगा जिभेबद्दल, लाळेबद्दल, घशाच्या स्नायूंबद्दल घडाघडा बोलत सुटायचा आणि “मग घास गिळला जातो” असं म्हणून दमून थांबायचा. सर खुर्चीत पुढं सरकायचे.

“गिळलं. पुढं?”

“डायजेशन होतं, सर.”

“किधर? इमलीबन बस स्टँड पे?”

त्यांचं म्हणणं असं, की डेंटिस्ट गोळी लिहून देतो ती दातात जाऊन बसत नाही. ती गिळली जाते. गिळल्यावर ती जिथं जाते तिथला पत्ता ज्याला माहीत नाही, त्यानं ती लिहूच नये. हे आम्हाला पटायचं, पण अभ्यास कोणी करायचं नाही, कारण विद्यापीठाच्या परीक्षेत पोटावर यायची एक शॉर्ट नोट.

सर डॉक्टर होते ते पीएचडीचे. एमबीबीएस नाहीत. ॲनाटॉमीत एमएस्सी, मग पीएचडी, मग इथं. पण हे गावाकडच्यांना कोण समजावणार? बिरादाराचा निळू हैदराबादेत दाक्तर झालाय, एवढं त्यांना पुरेसं होतं. सकाळच्या गाडीनं कोणी ना कोणी काचीगुडा स्टेशनात उतरायचं आणि पोट धरून सरांच्या दारात उभं राहायचं. सर हात जोडायचे. “काका, मी मेलेल्यांचा दाक्तर हाय. जित्यांचा न्हाई.” काका म्हणायचे, असू दे की, बघ तर खरं. शेवटी सर अर्धी रजा टाकून काकांना सरकारी दवाखान्यात घेऊन जायचे, ओपीडीच्या चिठ्ठीसाठी लायनीत दोन-दोन तास उभे राहायचे, आणि तेवढ्या वेळात काकांना सगळं पोट तोंडी समजावून सांगायचे. काका बरे व्हायचे की नाही देव जाणे. पण गावी गेल्यावर पारावर बसून, स्वादुपिंड आडवं असतंय बरं का, असं चारचौघांना सांगायचे, हे मला काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, हसत हसत सांगितलं होतं.

एका रविवारी सकाळी त्यांनी आमच्यातल्या दहा-बारा जणांना अंबरपेठेत बोलावलं. कशाला ते सांगितलं नाही. गेलो तर युसूफभाईंच्या मटणाच्या दुकानासमोर सर उभे. ते स्वतः अंडंसुद्धा खायचे नाहीत, पण युसूफभाईंशी त्यांची दोस्ती जुनी.

“साब खाते नईं,” युसूफभाई आम्हाला म्हणाले, “खाली पढाते.”

बकऱ्याच्या आतड्यावर पसरलेली चरबीची पातळ जाळी त्यांनी दोन बोटांनी उचलून दाखवली. “ये जाली है. आंतां के उप्पर की ओढनी समझो. उन्नों कू संभालती.” सर आमच्याकडे वळले. चेहरा असा, की भर रस्त्यात यांना बक्षीस लागलंय. “सुना? तुम लोगां तीन दिन से ग्रेटर ओमेंटम रट रए, याद हुआ नईं. इन्नों एक लफ्ज में बोल दिए!” मग युसूफभाईंनी आमच्यातल्या एका हुशार मुलाला विचारलं, बेटा, पित्ता किधर रहता? हुशार मुलानं डावीकडे बोट दाखवलं. युसूफभाईंनी सुरी खाली ठेवली. “अरे बाप रे. कलेजी कू चिपक के रहता ना! जरा फूटा तो पूरी कलेजी कडवी. साब, इन्नेच दांत निकालिंगे क्या?”

श्रावणीला मात्र ते सगळं बघून घेरी आली. तिला शेजारच्या चपलांच्या दुकानात बसवून आम्ही लिंबू-सोडा पाजला. सरांनी तिची विचारपूस केली, “बरं वाटतंय ना बाई?” असं चक्क मराठीतच विचारलं, आणि तिनं मान डोलावल्याबरोबर तिला विचारलं, “सोडा अभी किधर तक गया?”

तर असा माणूस. आणि त्या माणसाच्या विरुद्ध तक्रारीचा अर्ज मी लिहिला.

झालं असं, की पहिल्या टर्मच्या परीक्षेत सरांनी पोटावर वीस मार्कांचा प्रश्न टाकला आणि अर्धा वर्ग आडवा झाला. डोकं आणि मान घोकून आलेली पोरं पित्ताशयाला ठेचकाळून पडली. हॉस्टेलवर मीटिंग भरली. मी वर्गाची प्रतिनिधी, माझं इंग्रजी बरं, तेव्हा अर्ज मीच लिहायचा असं ठरलं. मी लिहिला, आणि चांगला झणझणीत लिहिला. आम्ही दंतवैद्य होणार आहोत, आमचा आणि पोटाचा काडीचाही संबंध नाही, हे बारा तास म्हणजे आमच्या आयुष्याची नासाडी आहे, सबब ते रद्द व्हावेत. खाली शंभर सह्या. आणि मोठ्या तोऱ्यात मी तो प्रिन्सिपलच्या ऑफिसात नेऊन दिला.

क्लार्कनं वरून खालपर्यंत बघून परत केला. “थ्रू प्रॉपर चॅनेल लाओ. हेड ऑफ डिपार्टमेंट का साइन नईं है.”

हेड ऑफ डिपार्टमेंट, ॲनाटॉमी. म्हणजे कोण? बिरादार सर! त्यांच्याविरुद्धच्या अर्जावर त्यांचीच सही. मी क्लार्कला खूप समजावलं. तो म्हणाला, रूल है.

दोन दिवस अर्ज बॅगेत घेऊन फिरले. शेवटी धीर करून गेले. सर डिसेक्शन हॉलच्या शेजारच्या खोलीत भाकरी खात बसले होते. मी कागद पुढं केला. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि सावकाश वाचायला लागले. माझी तर जमिनीत शिरायची तयारी झाली होती. पहिलं पान झालं, दुसरं झालं. मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं.

“हे बघ. इथं तू लिहिलंयस, आम्हाला स्टमक नको. स्टमक म्हणजे जठर, नुसती एक पिशवी. तुम्हाला पिशवी नकोय का अख्खं पोट नकोय?”

“अख्खं पोट, सर.”

“मग ॲब्डोमेन लिही. उगाच अर्धवट काही मागू नये माणसानं.” सहा ठिकाणी त्यांनी दुरुस्ती केली. शेवटी खाली सही केली, शिक्का मारला. “फॉरवर्डेड लिहितो. रेकमेंडेड लिहिणार नाही. चालेल?”

मी मान हलवली. जाता जाता त्यांनी हाक मारली. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाले, “इंग्रजी चांगलं आहे तुझं.” आणि डबा पुन्हा उघडला. त्या दिवशी त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं झोपले असते.

प्रिन्सिपल मॅडम कवळ्या बसवण्यातल्या तज्ज्ञ. त्यांना आपलं काम बरं, दात बरे. त्यांनी बारा तासांचे दोन केले. नंतर मल्लेशकडून कळलं, की सर केबिनमध्ये जाऊन फक्त एवढंच म्हणाले होते, “मॅडम, एक तरी पेशंट यांच्या हातून वाचेल, म्हणून शिकवतो.” मॅडम म्हणाल्या, “सर, दातानं कोण मरतं?” मल्लेश हा डिसेक्शन हॉलचा अटेंडर, साठीला आलेला, सगळ्यांची सगळी खबर असलेला. त्यानं सांगितलं, की सर बाहेर आले ते थेट नोटीस लिहायला बसले.

उरलेले दहा तास सरांनी शनिवारी दुपारी ठेवले. ज्याला यायचं त्यानं यावं, हजेरी नाही. पहिल्या शनिवारी आम्ही अकरा जण होतो. दुसऱ्या शनिवारी चार, त्यात मी, कारण मनाला खात होतं. तिसऱ्या शनिवारी मी नारायणगुड्याला पिक्चर बघायला गेले. खोटं कशाला बोलू? सोमवारी मल्लेशला विचारलं, शनिवारी कोण कोण होतं? तो म्हणाला, मी. सरांनी मल्लेशला समोर बसवून पूर्ण दोन तास स्वादुपिंड शिकवलं होतं. पुढं पुढं तर असं झालं, की परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं मल्लेशकडे शंका विचारायला जायची. सर दर वर्षी नव्या बॅचसाठी शनिवारची नोटीस स्वतःच्या हातानं लिहून बोर्डावर लावत राहिले. मी पास झाले, बाहेर पडले, लग्न झालं, आणि अंबरपेठेत एका बेकरीच्या वर दवाखाना थाटला. खाली लोक गोड खातात आणि वर माझ्याकडे येतात, त्यामुळे बरं चाललंय.

आणि मग गफूर मास्टर आले.

मास्टर म्हणजे शिवणकामाचे मास्टर, पन्नाशीचे, माझ्या दवाखान्यापासून चार दुकानं सोडून त्यांचं दुकान. अक्कलदाढेच्या शेजारची दाढ पार किडलेली. निकाल दो अम्मा, जान जारी, म्हणत खुर्चीत बसले. मी इंजेक्शन भरून घेतलं. मास्टरांना घाम फुटला होता. सुईला घाबरलेत, मी मनात म्हटलं. मोठमोठे पैलवान माझ्या खुर्चीत रडलेले मी बघितलेत. पण मास्टरांचा हात गालावर नव्हता. मूठ छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात मधोमध दाबून धरली होती.

मला एकदम सगळी विद्या आठवली, असं सांगायचा मोह होतोय, पण तसं झालं नाही. मला आठवलं ते पिवळट बनियन, आणि त्याचं वरच्या ओळीतलं मधलं घर, जिथं माझा स्वतःचा खडू दोनदा लागला होता.

“मास्टर, पेट में दुखरा क्या?”

“नईं अम्मा, दाढ का है. पेट में गॅस हुंगा.”

“गोली कौनसी खारे?”

“मेडिकलवाला दिया सो. पंधरा दिन से. दिन में तीन, कब्बी चार.”

“खाने के बाद?”

“खाने कू टैम किधर है! शादियां का सीजन है. चाय के साथ डाल लेतूं.”

मी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. खालची पापणी ओढून बघितली, पांढरीफटक. नाडी धावत होती. आता पुढचा प्रश्न दातांच्या डॉक्टरणीनं कसा विचारायचा, याचं शिक्षण मला कोणी दिलेलं नव्हतं. विचारला.

“मास्टर, संडास काली होरी क्या?”

मास्टर ताडकन उठून बसले. “अम्मा, आप दांतां देखते की क्या देखते?” त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग आवाज खाली आणून म्हणाले, “हौ. चार दिन से. डामर के जैसी.”

शर्ट वर करायला लावून मी पोटाच्या त्या मधल्या घरावर हलकेच बोटं टेकवली, तर माणूस कळवळला. दाढेला मी हातही लावला नाही. खाली जाऊन स्वतः ऑटो थांबवला, चिठ्ठी लिहिली, त्यांच्या बायकोला फोन करून सांगितलं. हॉस्पिटलात दुर्बीण घालून बघितलं तेव्हा रिकाम्या पोटी घेतलेल्या दुखीच्या गोळ्यांनी जठरात पडलेली जखम आतल्या आत वाहत होती. रक्त चढवावं लागलं. तिथले डॉक्टर मास्टरांच्या बायकोला म्हणाले, आणखी एक-दोन दिवस गोळ्या चालू राहिल्या असत्या तर अवघड होतं. आणि कोणी पाठवलं म्हणून विचारलं. ती म्हणाली, दांत की डाक्टरनी. ते हसले म्हणे.

मला हसू आलं नाही. घरी येऊन मी ढसाढसा रडले. नवऱ्याला वाटलं पेशंट गेला. अहो, वाचला म्हणून रडत होते! बारा तास रद्द करा म्हणून शंभर सह्या गोळा करणारी मीच ना?

दुसऱ्या दिवशी काचीगुड्यात सरांच्या घरी गेले. निवृत्तीला त्यांचे दोनच महिने उरले होते. मी सगळं सांगितलं, आणि अर्जाबद्दल माफी मागितली. वाटलं, सर खूश होतील, काही म्हणतील. सरांनी माझी तोंडी परीक्षा सुरू केली. हात नेमका कुठं लावलास? बरगडीच्या टोकापासून किती बोटं खाली? घट्ट लागलं का मऊ? मी उत्तरं देत गेले. मग ते चष्मा काढून पुसत बसले.

“गरम लागतं का गं?”

“काय, सर?”

“पोट. हात लावल्यावर. गरम लागत असेल ना?”

मला वाटलं, थट्टा करतायत. पण सर माझ्याकडे बघतच नव्हते. “एकतीस वर्षं झाली. सगळं फॉर्मलीनमधलं. गार आणि कडक. जित्या माणसाचं पोट तपासायचा मला अधिकार नाही, म्हणून कधी हात लावला नाही. लोकांना सांगत आलो, लिव्हर श्वासाबरोबर खाली सरकतं. पुस्तकात लिहिलंय म्हणून सांगत आलो.”

आतून काकूंचा आवाज आला, “हात लावला नाही म्हणे! दोन पोरं काय पोस्टानं आली?”

“तसं नव्हे हो,” सर ओरडले, “तपासायला म्हणून!” कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी बघितल्या. त्या घरात मी त्यांना पहिल्यांदाच लाजलेलं बघितलं.

तासांचं म्हणाल तर मी कॉलेजला माजी विद्यार्थिनी म्हणून नवा अर्ज पाठवला. बारा तास परत द्या म्हणून. उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. अजून दोनच तास आहेत. सर निवृत्त झाल्यावर गावी, उदगीरकडे राहायला गेले आणि पुढच्याच वर्षी तिकडेच वारले. झोपेतच गेले, काकूंनी फोनवर सांगितलं. गावी जाण्याआधी मात्र ते एकदा माझ्या दवाखान्यात आले होते.

गफूर मास्टर हॉस्पिटलातून घरी आले, दोन महिन्यांनी पुरते बरे झाले, आणि तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दाढ काढायला आले. मी त्यांना म्हटलं, मास्टर, एक काम होतं. ज्यांच्यामुळे मी तुमचं पोट विचारलं, त्यांना तुमचं पोट बघायचंय. चालेल का? मास्टर म्हणाले, “अम्मा, ये पेट तुम लोगां का दिया हुआ है. जब बोले तब दिखातूं.”

सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मास्टरांनी खुर्चीत आडवं होऊन आपणहून सदरा वर केला. सरांनी बेसिनवर हात धुतले, दोनदा धुतले, तळवे एकमेकांवर घासून गरम केले. मग विचारलं, “इजाजत है?” मास्टर हसले, “लेओ साब.”

सरांनी उजवा हात ठेवला. पहिल्यांदा नुसता ठेवला, दाबला नाही. मग बोटं सावकाश उजवीकडे बरगडीखाली नेली आणि म्हणाले, “मास्टर, सांस लेओ. लंबी.” मास्टरांनी श्वास घेतला. सरांचे डोळे मोठे झाले. “आलं,” ते मराठीत म्हणाले, माझ्याकडे न बघता. “खाली आलं गं. बोटाला लागलं.” त्यांनी आणखी तीनदा श्वास घ्यायला लावला आणि तिन्ही वेळा मान डोलावली. मग हात मधोमध आणला. मास्टर मुळात शिडशिडीत, त्यात आजारपणानं वाळलेले. हात तिथं थांबला तो थांबलाच. पोटातली मोठी रोहिणी, म्हणजे हृदयाकडून येणारी मुख्य रक्तवाहिनी, तिथं मणक्यावरून खाली उतरते, आणि बारीक माणसात तिचा ठोका हाताला कळतो. आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये हीच रोहिणी सरांनी किती वेळा चिमट्यानं उचलून दाखवली असेल. रिकामी, चपटी, गार.

बराच वेळ झाला. सरांचे ओठ हलत होते, ठोके मोजत होते.

मास्टर घाबरले. “क्या हुआ साब? कुछ खराबी है क्या?”

“नईं मास्टर,” सर म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखला नाही. “सब चालू है.”

आणि हात काही त्यांनी काढला नाही. माझ्या हातात बधिर करायचं इंजेक्शन भरून तयार होतं, बाहेर दोन पेशंट खोळंबले होते. मी इंजेक्शन खाली ठेवलं आणि स्टुलावर बसून राहिले.